पर्वताची राई

राईचा पर्वत करणारी माणसे जगात उदंड आहेत. आमच्या घरातच, मला धरून, तीन आहेत. पण पर्वताची राई करणारा माणूस पाहायचा असेल तर तुम्हाला भाईंदर स्टेशनावर पश्चिमेला उतरावे लागेल, उत्तनच्या रस्त्याने राई गावात यावे लागेल आणि "ते आगगाडीवाले काका कुठे राहतात?" असे विचारावे लागेल. विचारलेला माणूस आधी हसेल आणि मग घर दाखवील.

मी ते काका. वय ६२. बँकेत ३६ वर्षे दुसऱ्यांचे पैसे मोजून निवृत्त झालो आणि आता आगगाडीची स्टेशने बांधतो. खरी नव्हेत, तळहातावर मावतील अशी. स्टेशनाबरोबर मग फाटक येते, फाटकवाल्याची खोली येते, पाण्याची टाकी येते, मागची घरे येतात. कोणी विचारले, "नातीसाठी करता वाटतं?" तर मी चटकन "हो" म्हणतो. नात शेजारी असली तर ती तितक्याच चटकन सांगते, "मला हात लावू देत नाहीत!"

हे खूळ आले दिवाळीच्या किल्ल्यातून. तुम्ही-आम्ही सगळ्यांनीच लहानपणी किल्ले केले. दगड, विटांचे तुकडे, वर गोणपाट, त्यावर चिखलाचा लेप, आणि हिरवळ उगवावी म्हणून पेरलेले हळीव नाहीतर मोहरी. मोहरीला कोंब फुटले की अण्णा, म्हणजे माझे वडील, दरवर्षी न चुकता म्हणत, "राईत राईच उगवणार!" एका वर्षी मी किल्ल्याच्या पायथ्याशी काडेपेट्यांची आगगाडी लावली. शेजारचे एक मास्तर किल्ला पाहायला आले आणि म्हणाले, "अरे, महाराजांच्या काळात आगगाडी कुठली?" मी रडकुंडीला आलो. अण्णा ओटीवरून शांतपणे म्हणाले, "असू द्या हो. त्या वेळी असती तर महाराज सुरतेहून लवकर घरी आले असते."

या विनोदामागे अण्णांचे स्वतःचे दुःख होते, हे मला फार उशिरा कळले. लवकर घरी येणे त्यांना कधी जमलेच नाही. १८६७ सालच्या एप्रिलात विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली गाडी सुरू झाली. वसईच्या खाडीवर पूल झाला, भाईंदरला स्टेशन झाले. पण आमच्या राईला आगगाडी कधीच आली नाही. अण्णा चर्चगेटजवळच्या एका कचेरीत कारकून. सकाळी सायकलने भाईंदर, तिथून गाडी, आणि रात्री तीच वाट उलट. पावसाळ्यात सायकल घरी आणि अण्णा पायी. चिखलाने भरलेले पाय धुताना ते म्हणत, "राईला एक स्टेशन असतं, तर मी निम्मं आयुष्य घरात काढलं असतं."

पुढे २००० साली माझ्या मुलाला घेऊन मी पुण्याला गेलो होतो. कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांना खुले झाले आहे. तिथे एका मोठ्या थोरल्या पटावर सगळे शहर मांडलेले. डोंगर, बोगदे, सिग्नल, सर्कशीचा तंबू, मोटारीत बसून पाहायचे सिनेमागृह, आणि या सगळ्यांतून धावणाऱ्या गाड्या. खेळ सुरू झाला, हळूहळू अंधार केला आणि त्या गावातले दिवे लागले. माझा मुलगा तेव्हा ९ वर्षांचा. तो माझ्या कानाशी लागून म्हणाला, "बाबा, आपल्या किल्ल्यात दिवे का नाहीत?" मी उत्तर दिले नाही, कारण माझे लक्षच नव्हते. मी एका इवल्याशा स्टेशनाकडे पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, की राईला स्टेशन द्यायला रेल्वेची परवानगी कशाला हवी?

या छंदाचे पहिले पाऊल म्हणजे भागाकार. जगात सर्वांत जास्त चालणारे जे माप आहे, त्याला एचओ म्हणतात. त्यात खरी वस्तू ८७ पटींनी लहान होते. खऱ्यातला एक फूट म्हणजे माझ्याकडे साडेतीन मिलिमीटर. ६ फुटी दरवाजा २१ मिलिमीटर. साडेपाच फुटी माणूस १९ मिलिमीटर, मग तो गावात कितीही मोठा असो. पण भागाकार लगेच आडवा येतो. आपल्या रुंद रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर. त्याला ८७ ने भागले तर १९ च्या थोडे वर उत्तर येते. बाजारात मिळणारे रूळ परदेशातल्या १४३५ मिलिमीटरच्या रुळांवरून बेतलेले, ते साडेसोळा. म्हणजे आपली गाडी त्यांच्या रुळांवर चालवायची तर पावणेतीन मिलिमीटरची तडजोड पहिल्याच दिवशी करावी लागते. बँकेत मी पै-पैचा हिशेब लावला. इथे पहिल्याच पानावर तूट मान्य केली. संसारात मुरलेल्या माणसाला ते जड जात नाही.

अंतराचे तर नावच नको. भाईंदर स्टेशन ते आमचे घर ही वाट मापात करायची, तर पटाची लांबी चाळीसेक मीटर धरावी लागेल. आमच्या सौ.ने मला दिवाणखान्यातली ४ फूट बाय २ फूट जागा दिली आहे, तीही पाहुणे आले की उचलायच्या बोलीवर.

पहिल्यांदा मी एक तयार संच मागवला. खोक्यातून निघाले ते जर्मन स्टेशन. बर्फ घसरून पडावे म्हणून चांगले उतरते छप्पर, खिडक्यांत फुलांच्या कुंड्या. ते भाताच्या खाचरांत आणि मिठाच्या ढिगांत कसे शोभणार? तेव्हा सगळे हाताने करायला बसलो. कौलांसाठी जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद उत्तम. १८६५ साली बासेल मिशनने मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि पुढे त्या कौलांनी सारा कोकणकिनारा झाकला. माझी कौले मात्र नात्यागोत्यातल्या ७ लग्नांतून आलेली आहेत. पन्हळी पत्र्यासाठी चंदेरी कागद बारीक दातांच्या फणीवर ठेवून नखाने घासायचा. फणी आमच्या सौ.ची. त्या प्रकरणाचा तपशील इथे देत नाही.

सहा महिन्यांनी स्टेशन उभे राहिले. पांढऱ्या भिंती, लालभडक कौले, चकचकीत पत्र्याची शेड, पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत 'राई'. मी ते अण्णांपुढे नेऊन ठेवले. त्यांनी चष्मा पुसला, चारही बाजूंनी पाहिले आणि म्हणाले, "गाव झकास आहे. माणसं केव्हा राहायला येणार?"

मला राग आला. रात्री उठून दिवा लावून पाहिले, तर म्हातारा खरे बोलला होता. त्या गावात एकही पाऊस पडलेला नव्हता. तिथे कोणी चूल पेटवली नव्हती, भिंतीला पाठ टेकून गाडीची वाट पाहिली नव्हती.

वस्तू जुनी दाखवण्याच्या या कलेला इंग्रजीत वेदरिंग म्हणतात. मी तिला 'पावसाळे दाखवणे' म्हणतो. "तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत" हे अण्णांचे आवडते वाक्य. तेव्हा गुरूही घरातच होता. युक्त्या सोप्या आहेत. काळी शाई भरपूर स्पिरिटमध्ये पातळ करून भिंतीवर सोडली की ती फटीफटीत जाऊन बसते. रंगीत खडू घासून केलेली पूड मऊ कुंचल्याने लावली की धूळ होते. कुंचल्यावरचा रंग जवळजवळ पुसून टाकून तो कडांवरून नुसता फिरवला, तर झिजलेल्या कडा उजळतात. रुळांखालची खडी करडी ठेवून चालत नाही. गाड्यांच्या ब्रेकमधून झडणाऱ्या लोखंडाच्या भुकटीने ती तपकिरी होते.

गंजाची युक्ती मात्र खास आमच्या गावासाठीच निघाली असावी. आधी पत्र्याला गंजाचा रंग द्यायचा. तो वाळला की पाण्याचा हलका फवारा मारून वर मीठ भुरभुरायचे; थोडे बारीक, थोडे जाडे. पाणी सुकले की मीठ जागच्या जागी चिकटून बसते. मग त्यावरून पत्र्याचा वरचा रंग द्यायचा आणि तो वाळल्यावर मीठ झाडून टाकायचे. जिथे जिथे मिठाचा कण होता, तिथे तिथे रंगाचा पापुद्रा निघून खालचा गंज डोकावतो. हे मी जगभरच्या छांदिष्टांकडून शिकलो आणि ते केले भाईंदरच्या खडे मिठाने. इथली मिठागरे आता पूर्वीसारखी राहिली नाहीत. पण वाफ्यांतून ओढून काढलेले आणि पावसाळ्यापूर्वी गवताने शाकारलेले मिठाचे ढीग पाहतच मी मोठा झालो. अण्णा माझे काम पाहत होते. म्हणाले, "या मिठानं माझ्या तीन सायकली खाल्ल्या, खिडकीचे गज खाल्ले. बरं झालं, म्हातारपणी तुझ्या हाताखाली कामाला लागलं!"

नवशिक्याची दुसरी चूक पहिलीपेक्षा वाईट. हात बसला की तो सगळ्यालाच गंज चढवतो. मीही चढवला. सारे स्टेशन एका रात्रीत म्हातारे झाले. तेही खोटेच दिसू लागले. खरे गाव असे एकदम म्हातारे होत नाही. गंज आधी खिळ्याच्या भोकाशी धरतो आणि तिथून खाली ओघळतो. दक्षिण-पश्चिमेची भिंत पाऊस झोडपतो, तिच्यावर शेवाळ, पलीकडची कोरडी. वळचणीच्या पागोळ्यांनी उडालेला चिखल जमिनीपासून हात-दीड हातच चढतो. जोत्याला लोणा लागतो तो खालून वर. आणि शंभर काळ्या पडलेल्या कौलांत दोन लाल असतात, कारण मागच्या वर्षी माकडांनी तेवढीच फोडलेली. कुठे काय झिजले हे सांगायचे, तर कोण कसे वागले हे ठाऊक पाहिजे. मी घरातून बाहेर पडून भिंती पाहत हिंडू लागलो. लोकांना वाटले, हा आता घरे विकत घेणार!

आणि अशात २०२२ च्या सुमारास गावात वेगळीच बातमी पिकली होती. दहिसर ते मीरा-भाईंदर मेट्रोची कारशेड राई-मुर्धे-मोर्व्याच्या शिवारात येणार. ज्या गावाने जन्मभर गाडीची वाट पाहिली, त्याच्या उंबऱ्याशी गाडी आली ती स्टेशन होऊन नव्हे, तर रात्री गाड्या बांधण्याचा तबेला होऊन. गावात सभा झाल्या. लोकांनी विरोध केला. कोणाची जागा जाणार, कोणाची राहणार, याचे रोज नवे नकाशे चहाच्या टपरीवर निघत. त्यांतल्या काहींत आमचे घर होते, काहींत नव्हते.

आमच्याकडे या विषयावर कोणी मोठ्याने बोलत नव्हते. एका सकाळी ८८ वर्षांचे अण्णा माझी मापाची फीत घेऊन माझ्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "घर जायचं असेल तर जाईल. माप तरी घेऊन ठेव." फितीचे एक टोक त्यांनी धरले, दुसरे मी. लांबी ३२ फूट, म्हणजे माझ्या पटावर ११२ मिलिमीटर. पडवी, ओटी, जोते, आढ्याची उंची. दोन दिवस लागले. कारण प्रत्येक मापाबरोबर अण्णांचा एक किस्सा होता. दाराच्या चौकटीला खोक पडली आहे, ती माझ्या आत्याच्या लग्नात कपाट आत नेताना. पायरीचा डावा भाग झिजला आहे, कारण पाणवठ्याची वाट त्या अंगाला.

असे करत आम्ही ओटीच्या भिंतीशी आलो. दाराशेजारी एक लाकडी खुंटी आहे आणि तिच्यावर भिंतीला काळा डाग. वीज यायच्या आधी आजी आणि मागून आई, अण्णांच्या शेवटच्या गाडीच्या वेळेला तिथे कंदील टांगून ठेवी. उत्तनच्या रस्त्यावरून वळले की तो उजेड दिसे. त्या कंदिलाची ही काजळी. दर दिवाळीला घराला रंग लागे, पण अण्णा रंगाऱ्याला तेवढी वीतभर जागा सोडायला लावत. आम्हाला तो म्हातारपणाचा हट्ट वाटे.

अण्णांनी फितीने तो डाग मोजला. "अर्धा फूट," ते म्हणाले. "लिही."

माझ्या मापात पावणेदोन मिलिमीटर. मी लिहिले, आणि विसरलो.

पुढे कारशेडची जागा बदलली. ती उत्तनजवळच्या डोंगरीकडे नेण्याचे ठरले. आमच्या गावाने सुटकेचा श्वास टाकला आणि काळजी डोंगरीच्या वाट्याला गेली. आमचे घर राहिले. त्याचे लहान घरही तोवर पुरे होत आले होते. स्टेशनाच्या मागे मी ते बसवले. खोक पडलेली चौकट, झिजलेली पायरी, माकडांची दोन लाल कौले, सगळे जिथल्या तिथे. फलाटावर सायकल धरून उभा असलेला १९ मिलिमीटरचा एक माणूस ठेवला. २०२३ च्या पावसाळ्यात अण्णांना दिसणे फारच कमी झाले होते. मी भिंग त्यांच्या हातात दिले. त्यांनी बराच वेळ घर न्याहाळले. मी 'वा' ऐकण्यासाठी आतुर होतो.

"कंदील कुठाय?" ते म्हणाले.

मी काळी पेन्सिल टोकदार केली, दाराशेजारी टेकवली आणि बोटाने किंचित वर पुसली. त्यांनी पुन्हा भिंग धरले. या खेपेस काही बोलले नाहीत. नुसते फलाटावरच्या सायकलवाल्याला बोटाच्या टोकाने घराकडे तोंड करून वळवले. त्यानंतर दीड महिन्याने अण्णा गेले.

लोक मला म्हणतात, "बरं केलंत, जुनं घर जपून ठेवलंत." मला ते पटत नाही. अमेरिकेत जॉन अ‍ॅलन नावाचा एक छायाचित्रकार होऊन गेला. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावी त्याने आपल्या घरात वर्षानुवर्षे खपून डोंगर, दऱ्या, पूल आणि कळकट गावे यांची एक रेल्वे उभारली. नव्या कोऱ्या मॉडेलला पावसाळे दाखवण्याची गोडी पुष्कळांना त्याच्या फोटोंनी लावली. १९७३ च्या जानेवारीत तो वारला आणि थोड्याच दिवसांत आग लागून ती रेल्वे जळून गेली. आपला दिवाळीचा किल्ला तर तुळशीच्या लग्नापर्यंतही धड राहत नाही. जपून ठेवण्यासाठी ही कामे नसतातच. मी ६० वर्षे त्या खुंटीखालून गेलो-आलो, आणि तो डाग मला पहिल्यांदा दिसला तो पावणेदोन मिलिमीटरचा झाल्यावर. पर्वत डोळ्यांपुढे असतो तेव्हा दिसत नाही. त्याची राई करून हातात घ्यावी लागते.

गेल्या दिवाळीत घराला रंग काढला. रंगारी ओटीवर आला आणि सवयीने म्हणाला, "ही जागा सोडायची ना?" सूनबाई माझ्याकडे पाहू लागली. आमची सौ. मुद्दाम दुसरीकडे पाहू लागली. मी आत गेलो, पटावरच्या घरात भिंग लावून पाहिले. डाग जागेवर होता. बाहेर आलो आणि म्हणालो, "नाही. सगळी भिंत घ्या."

"काजळी वर येते काका," तो म्हणाला, "दोन हात द्यावे लागतील."

दोन हात दिले. भिंत एकसारखी पांढरी झाली. पहिले दोन दिवस परक्याच्या घरी बसल्यासारखे वाटले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नात आकाशकंदील घेऊन आली. तो कुठे टांगावा, याचा तिने घरभर शोध घेतला आणि शेवटी स्टुलावर चढून त्याच खुंटीला अडकवला. उतरताना तिने तोल सावरायला भिंतीला हात टेकला. हात किल्ल्याच्या चिखलाने माखलेला. पाच बोटे नव्या रंगावर स्वच्छ उमटली.

सूनबाई ओले फडके घेऊन धावली. मी तिला थांबवले आणि मापाची फीत आणायला आत गेलो.